खुलासा : झेंडेयाचा एमी विक्रम नेमका कोणता?

‘एमी (अमेरिकेतला टीव्ही पुरस्कार) जिंकणारी सर्वांत लहान वयाची अभिनेत्री म्हणजे झेंडेया’ असं मी परवा लिहिलं होतं. ते चुकीचं आहे, आणि ती पोस्ट बरीच फिरते आहे.

पोस्टनंतर विजेत्यांच्या जन्मतारखा ताडून पाहिल्या. झेंडेयाचा जन्म १ सप्टेंबर १९९६ चा. ‘युफोरिया’ या मालिकेसाठी २०२० मध्ये एमी मिळाला तेव्हा ती २४ वर्षांची होती. ड्रामा मालिकेतली प्रमुख अभिनेत्री, या एका गटापुरता तो विक्रम होता. सहायक अभिनेत्रीचा एमी रोक्साना झाल हिने १९८४ मध्येच, अवघ्या १४ व्या वर्षी मिळवला होता! तिचं नाव माझ्यामुळे पुसलं जावं, हे मला फार लागलं.

जुनी पोस्ट कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवली असेल, त्यांना हा खुलासा जरूर पाठवा.