रश लिम्बॉ आणि आमच्या व्हॅनमधला रेडिओ

आज सकाळी शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी रश लिम्बॉची, म्हणजे अमेरिकेतल्या रेडिओवरच्या उजव्या विचारांच्या बोलघेवड्याची, जुनी क्लिप टाकली. खाली मजकूर: ‘असा एक तरी निर्भीड माणूस आपल्याकडे हवा होता.’ त्यावर धडाधड अंगठे. टाकणाऱ्याने त्याचा एक अख्खा कार्यक्रम कधी ऐकला असेल असं मला वाटत नाही. मी ऐकलाय. वर्षानुवर्षं, इच्छा नसताना. म्हणून आज लिहिणार आहे, आणि लांब लिहिणार आहे.

अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या सेंट लुईसला आल्यावर माझी पहिली नोकरी पाणी तपासणाऱ्या एका लॅबमध्ये होती. मिसिसिपीच्या काठाकाठाने छोट्या गावांत जायचं, नळाचे-विहिरींचे नमुने बाटल्यांत भरायचे, बर्फाच्या पेटीत घालून परत आणायचे. व्हॅन चालवायचा एक सीनियर सहकारी, साठीला टेकलेला. स्टिअरिंग त्याच्या हातात, रेडिओही त्याच्याच हातात. सकाळचे अकरा वाजले की रश सुरू, तो दोन वाजेपर्यंत. डबा उघडायचा तोही त्याच आवाजात. आमच्या फेरीतलं शेवटचं गाव केप जिरार्डो, म्हणजे खुद्द रशचं जन्मगाव. गावाची पाटी दिसली की हा माणूस हॉर्न वाजवायचा, आपण देवळावरून जाताना हात जोडतो तसा.

माणूस वाईट नव्हता. बर्फात गाडी कशी चालवायची ते मला त्याने शिकवलं. मिरजेला अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ॲडमिट केलं तेव्हा पहाटे विमानतळावर सोडायला तोच आला होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी चिडणार आहे आणि तेव्हा हे लिहायचं राहून जाईल.

तर रश. जन्म १९५१, घराणं वकिलांचं. कॉलेज अर्धवट सोडलं, खोट्या नावांनी रेडिओवर गाणी लावली, नोकऱ्या गेल्या, मधली काही वर्षं कॅन्सस सिटीच्या बेसबॉल संघाच्या ऑफिसात काढली. १९८४ मध्ये सॅक्रामेंटोच्या एका स्टेशनवर माइक मिळाला आणि तिथे त्याचा सूर लागला. १९८७ मध्ये सरकारी आयोगाने एक जुना नियम काढून टाकला. वादाच्या विषयावर दुसरी बाजूही ऐकवली पाहिजे, असा तो नियम होता. तो गेला आणि रान मोकळं झालं. १ ऑगस्ट १९८८ पासून न्यूयॉर्कहून त्याचा कार्यक्रम देशभर जाऊ लागला. १९९२ ते १९९६ टीव्हीवरही होता, निर्माता रॉजर एल्स, ज्याने पुढे फॉक्स न्यूज ही वृत्तवाहिनी उभी केली. १९९४ मध्ये उजव्या रिपब्लिकन पक्षाला ४० वर्षांनी कनिष्ठ सभागृहात बहुमत मिळालं, तेव्हा त्या पक्षाच्या नव्या खासदारांनी रशला आपला मानद सदस्य करून घेतलं. २००८ मध्ये त्याने ४० कोटी डॉलरचा करार केला. रेडिओवर बोलायचे!

कला होती, मान्य. तीन तास, बहुतेक वेळा पाहुणा नाही, काही नाही, एकट्याच्या आवाजावर माणसं खिळवून ठेवायची हे येरागबाळ्याचं काम नाही. टीव्हीवाले ज्यांना गावंढळ समजत होते त्यांना वाटलं, कुणीतरी आपलं बोलतंय. तेही मान्य. पण मग त्या माणसांना त्याने काय दिलं?

२००६ चा ऑक्टोबर. मिझुरीत सिनेटची निवडणूक, शिवाय मूलपेशींच्या (स्टेम सेल) संशोधनावर मतदान. सेंट लुईसचा संघ बेसबॉलची वर्ल्ड सिरीज खेळत होता, गाव वेडं झालेलं. त्या सामन्यांच्या मधे एक जाहिरात लागायची. नट मायकल जे. फॉक्स, ज्याला तिशीच्या आतच कंपवात (पार्किन्सन्स) झाला, कॅमेऱ्यासमोर बसून सिनेटच्या उमेदवार क्लेअर मॅकॅस्किलला मत द्या म्हणत होता, कारण ती या संशोधनाच्या बाजूने होती. बोलताना त्याचं डोकं, खांदे, सगळं अंग झोके घेत होतं. मी ती जाहिरात बघितली आणि टीव्हीसमोरून उठून आत गेले. कारण मिरजेला माझे अण्णा तसेच दिसायचे.

दोनच दिवसांनी रश रेडिओवर म्हणाला की हा नाटक करतोय. एक तर त्याने औषध घेतलं नाही, नाहीतर अभिनय चाललाय. आणि स्टुडिओतल्या कॅमेऱ्यासमोर त्याने फॉक्सची नक्कल केली, हात हलवून, अंग हलवून. आम्हाला व्हॅनमध्ये दिसलं नाही, नुसतं ऐकू आलं. रात्री बातम्यांत दिसलं.

शेजारी बसलेला माझा सहकारी हसला. मोठ्याने नाही, पण हसला.

मी म्हटलं, माझ्या वडिलांना हाच आजार आहे. त्याला माहीत होतं! पहाटे चारला मला विमानतळावर त्यानेच सोडलं होतं ना! त्याने आवाज कमी केला. बंद नाही केला.

ज्यांच्या घरात कंपवात आहे त्यांना सांगायला नको. औषधाआधी माणूस लाकूड होतो. चमचा तोंडापर्यंत जात नाही, कुशीवर वळता येत नाही. लेव्होडोपा घेतलं की सुटतो, पण काही वर्षं औषध झालं की त्या औषधानेच अंग असं हेलकावे खायला लागतं. म्हणजे फॉक्स जो हलत होता तो औषध न घेतल्यामुळे नाही, घेतल्यामुळे. त्याने नंतर तसं सांगितलंही. आपण चुकलो असू तर माफी मागू म्हणाला रश, पण ती अशा सुरात की जणू फॉक्सनेच पुरावा आणून द्यायचा. अण्णांना एका लग्नात कुणीतरी ‘जरा जास्त झालीय का’ असं विचारलं होतं. ते त्यानंतर कुठल्याही लग्नाला गेले नाहीत. सहा फूट उंचीचा माणूस, हायस्कूलचा मास्तर, घरातल्या घरात बसून राहिला. रश लिम्बॉने ते ‘जास्त झालीय का’ आठवड्याला दीड कोटी माणसांना ऐकवलं.

आणि कोण बोलत होतं हे? २००१ मध्ये काही महिन्यांत ज्याचे कान गेले आणि डोक्यात यंत्र बसवून घ्यावं लागलं, तो. तेव्हा सगळा देश, त्याचे विरोधकसुद्धा, हळहळले होते. १९९५ मध्ये टीव्हीवर बसून ‘ड्रग्ज घेणाऱ्यांना तुरुंगात टाका’ म्हणणारा, आणि २००३ मध्ये वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन कबूल करणारा, तोच. पाठदुखीतून लागलं म्हणाला. असेल. मला त्यात आनंद वाटत नाही. २००६ च्याच एप्रिलमध्ये सरकारी वकिलांनी उपचार चालू ठेवण्याच्या अटीवर त्याला सोडलं. एप्रिलमध्ये स्वतःला दया मिळाली आणि ऑक्टोबरमध्ये दुसऱ्याच्या थरथरत्या अंगाची नक्कल! आपलं शरीर आपल्याला कसं फसवतं हे ज्याला पक्कं ठाऊक होतं, त्याने हे करावं?

आणि हे एकदाच झालं असतं तर सोडून दिलं असतं. सुरुवातीच्या काळात एड्सने मरणाऱ्यांवर गाणी लावून थट्टा. (त्याचा पुढे पश्चात्ताप झाला म्हणाला. बरं.) २०१२ मध्ये सँड्रा फ्लूक नावाची कायद्याची विद्यार्थिनी संसदेतल्या सदस्यांसमोर गर्भनिरोधकांच्या विम्याबद्दल बोलली, तर हा तिला वेश्या म्हणाला. एकदा बोलून थांबला नाही, लागोपाठ काही दिवस तिच्यावर घसरत राहिला. जाहिरातदार पळायला लागले तेव्हा माफी सुचली. त्याच वर्षी मे महिन्यात आमच्या राज्याच्या विधानभवनात नामवंत मिझुरीकरांच्या रांगेत त्याचा अर्धपुतळा बसवला. समारंभ बंद दाराआड, आणि पुतळ्यावर पहाऱ्याला कॅमेरा!

प्रत्येक वेळी कुणी जाब विचारला की उत्तर एकच, अहो मी तर करमणूक करणारा माणूस. अध्यक्षांना जबाबदार धरायचं, प्राध्यापकांना धरायचं, पत्रकारांना धरायचं, आणि स्वतःची पाळी आली की विनोदी कलाकार. याला तुम्ही निर्भीड म्हणता? निर्भीडाने अंगावर घ्यावं लागतं. आणि कुणाच्या विरुद्ध निर्भीड? आजारी माणसाच्या? कॉलेजातल्या पोरीच्या?

त्या सहकाऱ्याचं सांगते. मी नोकरी सोडेपर्यंत तो आणखी बदलला होता. पूर्वी व्हॅनमध्ये मासेमारीच्या गप्पा व्हायच्या, मुलीच्या शाळेच्या व्हायच्या. हळूहळू तो रशच्या वाक्यांतच बोलायला लागला. मुलगी दुसऱ्या पक्षाला मत देते म्हणून तिच्याशी बोलणं तुटलं. थँक्सगिव्हिंगला, म्हणजे घरचे सगळे एकत्र जेवतात त्या सणाला, एकटा होता, म्हणून मी घरी बोलावलं. आला. वरणभात खाल्ला, अण्णांची चौकशी केली, मनापासून केली. मुलीबद्दल विचारलं तर म्हणाला, ‘तिचं डोकं त्यांनी फिरवलंय.’ मला त्याच्यावर रागावताच येत नाही. राग येतो तो रोज तीन तास त्याच्या कानाशी बसलेल्यावर.

फेब्रुवारी २०२० मध्ये रशने आपल्याला फुप्फुसाचा कॅन्सर असल्याचं जाहीर केलं, बराच पुढे गेलेला. दुसऱ्याच दिवशी संसदेत, ट्रम्प यांच्या भाषणाच्या मधे, त्याच्या गळ्यात देशाचं सर्वोच्च नागरी पदक पडलं. हेच पदक कधीकाळी मदर तेरेसांना मिळालं होतं. त्याच महिन्यात त्याने कोरोना म्हणजे साधी सर्दी असल्याचं सांगितलं. १७ फेब्रुवारी २०२१ ला गेला. त्या दिवशी माझ्या ओळखीच्या काही लोकांनी नाचून पोस्टी टाकल्या. मला ते आवडलं नाही, आजही आवडत नाही. कॅन्सर कुणालाही होऊ नये. रक्ताच्या कॅन्सरच्या संस्थेसाठी त्याने वर्षानुवर्षं पैसेही गोळा केले, तेही खरंच आहे. त्याच्या बायकोचं दुःखही खरं होतं.

पण फॉक्सने आपल्या नावाची संस्था काढून कंपवाताच्या संशोधनात आयुष्य घातलं, आणि त्याची क्लिप ग्रुपवर कुणी टाकत नाही.

‘आपल्याकडे हवा होता’ म्हणणाऱ्यांनो, आपल्याकडे काय कमी आहेत? रोज रात्री नऊला टीव्ही लावा, ओरडणाऱ्यांची रांग आहे. त्यांच्यापैकी कुणी उद्या तुमच्या वडिलांच्या थरथरत्या हाताची नक्कल केली, तर तुम्ही आवाज कमी करणार की बंद करणार?

कॉमेंटमध्ये वाद घालायचा असेल तर जरूर घाला. कर, बंदूक, गर्भपात, कशावरही घाला, माझी तयारी आहे. आजाऱ्याची टिंगल करणारी एकही कॉमेंट दिसली तर उडवणार आणि माणसालाही ब्लॉक करणार, मग तो वर्गमित्र असला तरी.