अडतीस लिटरांचा समुद्र

आमच्या दिवाणखान्यात टीव्हीच्या शेजारी एक समुद्र आहे. दहा गॅलनचा, म्हणजे साधारण ३८ लिटरचा. सांगलीच्या घरातल्या दोन बादल्यांत मावेल आणि तिसरीत घोटभर उरेल, एवढाच. त्यात दोन क्लाउनफिश आहेत. केशरी अंगावर पांढरे पट्टे बघून लेकीनं त्यांची नावं बटाटा आणि वडा ठेवली आहेत. शिवाय तीन गोगलगायी, दुसऱ्याच्या शिंपल्यात बिऱ्हाड थाटलेला एक खेकडा, आणि शर्टाच्या बटणांसारखे दिसणारे हिरवे-जांभळे मऊ प्रवाळ. बाहेर न्यू जर्सीचा बर्फ पडत असताना आत २६ अंशांवर उष्ण कटिबंध नांदत असतो.

हे सगळं छान आहे. प्रश्न एकच होता, आणि तो आमच्या घरात चार महिने पुरला. फिल्टर हवा की नको?

टाकी घेतली तेव्हा दुकानदारानं फिल्टर सोबतच दिला होता. टाकीच्या पाठीवर अडकवायचा, पाणी वर ओढून धबधब्यासारखं परत सोडणारा. आत एक स्पंजाची वडी आणि एक कार्ट्रिज. कार्ट्रिज दर महिन्याला नवी टाकायची, असं खोक्यावर ठळक अक्षरांत होतं. खोकं विकणाऱ्यानंच ते लिहिलेलं असल्यामुळे मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पुढं दुसऱ्या दुकानात दगड घ्यायला गेलो, तर तिथला दाढीवाला पोरगा म्हणाला, रीफ टँकला, म्हणजे प्रवाळांच्या टाकीला, फिल्टर? काढून टाका. नायट्रेटचा कारखाना आहे तो. तुमचे दगडच तुमचा फिल्टर.

दगड म्हणजे लाइव्ह रॉक. जिवंत दगड. हे दगड वजनावर विकतात आणि भाव पापलेटाला लाजवणारा असतो. आईनं फोनवर तो ऐकला आणि थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "आणि हे शिजवतात कसं?"

तर त्या दगडाच्या छिद्राछिद्रांत जिवाणू राहतात. माशांची घाण आणि उरलेलं अन्न यातून अमोनिया होतो, तो विषारी. एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते त्या मानानं पुष्कळ सोसण्यासारखं. दगडाच्या पार पोटात, जिथं प्राणवायू पोचत नाही, तिथले तिसरे जिवाणू नायट्रेटचा वायू करून सोडून देतात. ही सगळी मंडळी कामाला लागेपर्यंत चार ते सहा आठवडे टाकीत मासे सोडायचे नसतात. त्या काळात घरी येणारा प्रत्येक पाहुणा दिवे लावलेल्या टाकीतल्या पाच किलो दगडांकडं बघायचा आणि मग हळूच बायकोकडं बघायचा.

मासे आले आणि त्याच आठवड्यात सहा महिन्यांसाठी आई-अण्णाही आले. अण्णा नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रातून ३१ वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झालेले. पाणी या विषयावर त्यांच्यासमोर कोणी बोलत नाही, लग्नातले आचारीसुद्धा. पहिल्याच सकाळी हात मागं बांधून ते टाकीपुढं उभे राहिले.

"आउटलेट कुठाय?"

"आउटलेट नाही अण्णा. हेच पाणी फिरत राहतं."

"आणि शुद्ध कोण करतं?"

"दगड."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. बारावीला केमिस्ट्रीत मिळालेले मार्क मी सांगितले होते तेव्हा असंच पाहिलं होतं.

मी हार मानली नाही. १९६१ साली जकार्तातल्या ली चिन एंग यांनी ही पद्धत लिहून जगापुढं मांडली, हे सांगितलं. जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे, बाकी काही नाही. नंतर बर्लिनच्या लोकांनी त्याला स्किमरची जोड दिली.

"जकार्ताला समुद्र दाराशी आहे," अण्णा म्हणाले. "तुझ्या दाराशी बर्फ आहे."

स्किमर मात्र आईला एका झटक्यात कळला. पाण्यात बारीक बुडबुडे सोडायचे, त्यांच्या अंगाला चिकटून विरघळलेली घाण वर येते, फेस होतो, तो वरच्या पेल्यात साठतो. "म्हणजे डाळीवरचा फेस काढतो तसंच की," आई म्हणाली. दुकानातला दाढीवाला मला हेच वीस मिनिटं समजावत होता. एवढ्याशा टाकीला स्किमर लागत नाही, थोडं पाणी बदललं की भागतं, म्हणून तो विषय तिथंच संपला. डाळीचा मात्र आईनं बराच वेळ चालवला.

दोन दिवस अण्णा गप्प होते. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी एकदम म्हणाले, "स्लो सँड."

"काय?"

"स्लो सँड फिल्टर. लंडनला १८२९ साली केला होता. त्यात वाळू पाणी शुद्ध करत नाही. वाळूवर एक बुळबुळीत थर बसतो, तो करतो. वाळू नुसती त्याला बसायला पाट. श्मुट्झडेके म्हणतात त्याला जर्मनमध्ये." ३१ वर्षं हा शब्द वापरायला घरात कोणी मिळालं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "घाणीचं पांघरूण. नवा माणूस आला की तो थर खरवडायला धावायचा. मग नवा थर बसेपर्यंत पाण्याची बोंब. तुझ्या दगडावर तेच पांघरूण आहे."

म्हणजे अण्णा माझ्या बाजूला आले. त्याच रात्री मी फिल्टर बंद करून काढला.

घरात अशी शांतता पसरली की फ्रिजचा आवाज पहिल्यांदाच ऐकू आला. बायको म्हणाली, आता तुझं घोरणं स्पष्ट ऐकू येतं. दोन दिवस मी विजयी वीरासारखा वावरलो. तिसऱ्या दिवशी सकाळी पाण्यावर तेलकट साय धरली होती आणि बटाटा वर येऊन तोंडानं भुकभुक करत होता. वडा त्याच्या मागं, रांगेत.

"अमोनिया!" मी ओरडलो आणि टेस्ट किट काढला. काचेच्या नळीत पाच मिली पाणी, दोन बाटल्यांतले थेंब, पाच मिनिटं थांबायचं आणि रंग कार्डाशी जुळवायचा. पिवळा म्हणजे शून्य, हिरवा म्हणजे धोका. नळी उजेडाला धरली. मला हिरवट दिसली. बायकोला पिवळी दिसली. लेकीला "लिंबू, पण नुकतं तोडलेलं" दिसलं. रिसेप्शनची साडी ठरवताना झालेल्या वादाची आठवण व्हावी अशी स्थिती झाली.

अण्णांनी नळी हातात घेतली. चष्मा न लावता पांढऱ्या भिंतीशी धरली. नोकरीभर त्यांनी नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे का हे असंच बघितलेलं. ओटी टेस्ट. थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं की क्लोरीन शिल्लक आहे, गाव सुरक्षित. लिटरला ०.२ मिलिग्रॅमची ती फिकट पिवळी छटा हा माणूस झोपेत ओळखेल.

"पिवळं आहे," ते म्हणाले. "पाणी ठीक आहे. हवा नाही."

"म्हणजे?"

"आमच्याकडं धरणाचं पाणी आलं की आधी कारंज्यासारखं पायऱ्यांवरून खाली सोडतात. एरिएशन. तुझा फिल्टर गाळत होता की नव्हता ते देव जाणे, पण पाणी वरून पाडत होता. ती पायरी तू काढलीस."

फिल्टर धावत जाऊन परत लावला. तासाभरात साय फुटली, बटाटा-वडा खाली गेले.

यावर उपाय म्हणून मी पाणी ढवळणारा छोटा पंप आणला. मुठीएवढा. तो पहिल्यांदा चालू केला तेव्हा त्याचं तोंड तळाकडं होतं. दहा सेकंदांत वाळूत खड्डा पडला आणि उडालेल्या वाळूनं सगळे प्रवाळ तोंड मिटून बसले. वर वळवला तर पाण्याची एक सरळ धार अण्णांच्या ई-पेपरवर. त्या दिवसापासून टॅबलेटच्या कोपऱ्यावर मिठाचा पांढरा डाग आहे. तसा टाकीच्या काठावरही रोज मीठ फुटतं, आणि आई ते ओल्या फडक्यानं पुसताना दर वेळी म्हणते, एवढ्यात पापड झाले असते. खोटं नाही, लिटरला ३५ ग्रॅम म्हणजे टाकीत सव्वा किलोच्या वर मीठ आहे.

पंप नीट बसला, तरी फिल्टर पुन्हा काढायचा की नाही हे ठरेना. शेवटी अण्णा म्हणाले, उघड बघू तो.

मी तीन आठवडे तो उघडला नव्हता. कार्ट्रिज चॉकलेटी झाली होती आणि वास बंदरावरच्या सुकटीचा. अण्णांनी ती चिमटीत धरून वर उचलली. तिच्यातून गाळ असा निथळला की आई स्वयंपाकघरात गेली.

"गाळण्यात अडकलेला गाळ अजून पाण्यातच असतो," अण्णा म्हणाले. "गाळणं बाहेर काढून धुतलं, तरच गाळ बाहेर जातो. आमच्या प्लँटवर फिल्टर धुवायला शिफ्टला माणूस असायचा. तुझ्याकडं कोण आहे?"

मी बायकोकडं पाहिलं. बायको फोनकडं बघत होती. लेकीला अचानक गृहपाठ आठवला.

पण कार्ट्रिजच्या खाली, डब्याच्या तळाशी, एक गंमत होती. तांदळाच्या कणीएवढे झिंग्यासारखे जीव पळत होते, आणि कोपऱ्यात एका पांढऱ्या बारीक नळीतून एका किड्याचा पिसाचा पंखा बाहेर आला होता. सावली पडली की आत, सावली सरली की बाहेर. आम्ही पाचही जण त्या प्लास्टिकच्या डब्यावर वाकून उभे होतो. तो कोणी विकत आणला नव्हता. दगडातून आला असणार, आणि त्याला ती घाणेरडी खोली आवडली होती.

मग डबा फेकणार कोण? कार्ट्रिज तेवढी कचऱ्यात गेली. रिकाम्या डब्यात दगडाचे चार तुकडे टाकले, आणि तो पुन्हा टाकीच्या पाठीवर धबधबा पाडू लागला. दर रविवारी चार लिटर पाणी बदलायचं ठरलं. मीठ मोजायचं काम अण्णांचं, हुकूमही त्यांचाच. कमी झालेलं पाणी भरताना मात्र गोडंच घालायचं, कारण वाफ पाण्याची होते, मिठाची नाही. हे त्यांनी मला नऊ वेळा सांगितलं.

मध्येच त्यांनी विचारलं, असली टाकी सांगलीला करता येईल का? मी सांगितलं, आपल्याकडं दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला. त्यावर ते बराच वेळ टाकीकडं बघत राहिले. मग म्हणाले, मालवणला जाऊन बघू तिथल्या तिथंच.

एकदा पलीकडचे कुलकर्णी आले. त्यांनाही टाकी घ्यायची होती. त्यांनी विचारलं, "फिल्टर आहे का याला?"

मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, "आहे. रिकामा आहे."

कुलकर्ण्यांनी पुढं टाकी घेतली नाही.

मार्चमध्ये अण्णा-आई परत गेले. आता रविवारी सकाळी, तिकडची संध्याकाळ असते तेव्हा, अण्णांचा व्हिडिओ कॉल येतो. मी कसा आहे, लेक कशी आहे, हे आई मागून विचारते. अण्णा पहिलं वाक्य दुसरंच बोलतात.

"नळी धर भिंतीशी. अंहं, पांढऱ्या. आणि जरा हाताची सावली काढ."

मी हात बाजूला घेतो. तिकडं ते चष्मा काढून फोनच्या अगदी जवळ येतात. पडद्यावर नुसता एक डोळा दिसतो.