आपल्या एका ताऱ्याच्या अभिप्रायाला उत्तर: जाळीदार रेटिकल, १०० मीटर आणि ‘दहा मिनिटे’

सप्रेम नमस्कार.

मंगळवारी रात्री दुकान बंद करून घरी गेल्यावर मुलीने आपला अभिप्राय मला वाचून दाखवला. आपण १ तारा दिला आहे आणि लिहिले आहे की आमच्याकडून घेतलेल्या स्कोपमधली (रायफलवर बसवायच्या दुर्बिणीतली) जाळी, म्हणजे नेम धरण्याच्या खुणांचे रेटिकल, चुकीची आहे, ५० मीटरवर गोळी बरोबर लागते पण १०० मीटरवर वीतभर वर जाते, दुकानदाराला रेटिकलमधले काही कळत नाही, त्याने दहा मिनिटांत महागडा माल गळ्यात मारला, आणि तक्रार करायला फोन केला तर आधी कोणी उचलला नाही व नंतर दुकानातल्या मुलाने तोडून उत्तर दिले.

शेवटच्या मुद्द्याबद्दल मी आपली मनापासून माफी मागतो. ते दोन दिवस मी घरच्या कार्यासाठी ठाण्याबाहेर होतो आणि दुकान एकट्या मुलावर होते. ‘विकलेला माल परत घेत नाही’ एवढेच बोलून त्याने फोन ठेवला हे त्याने माझ्याजवळ कबूल केले आहे. गिऱ्हाइकाशी असे बोलायचे नसते, आणि ही चूक त्याची नसून माझी आहे, कारण त्याला शिकवणे हे माझे काम होते.

मात्र ‘दहा मिनिटांत गळ्यात मारला’ हे वाक्य माझ्या जिव्हारी लागले आहे. नौपाड्यात आमचे दुकान वडिलांच्या काळापासून आहे. दुर्बिणी, टेलिस्कोप आणि रायफलचे स्कोप एवढाच आमचा व्यवसाय आहे, बंदूक किंवा गोळी आम्ही विकत नाही. अशा दुकानात फारसे कोणी वाट चुकून येत नाही. येणारा माणूस दुसऱ्याने सांगितले म्हणून येतो, आणि आता तो येण्याआधी आपले ते वाक्य वाचणार आहे. म्हणून त्या संध्याकाळी काय झाले ते मी क्रमाने लिहितो.

मे महिन्यातला शनिवार होता. आपण सव्वासहाच्या सुमारास आलात आणि मोबाईलवर ट्रेमर ३ या रेटिकलचे चित्र दाखवून ‘अशीच जाळी हवी’ म्हणालात. मी स्कोप काढण्याआधी रायफल कोणती, अंतर किती आणि नेम कशावर, हे तीन प्रश्न विचारले. आपण परवान्याची .२२ रायफल, क्लबच्या रेंजवर ५० आणि १०० मीटर, आणि पुढेमागे त्याहून लांब, असे सांगितलेत. आपला मुलगाही ५० मीटर रायफलचा सराव करतो आणि त्यालाही हाच स्कोप चालेल, असेही आपण म्हणालात. तेव्हा मी लगेच सांगितले होते की ऑलिंपिकच्या त्या प्रकारात दुर्बिणीचा स्कोप चालतच नाही, आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले ते छिद्राच्या साइटमधून नेम धरून, त्यामुळे मुलासाठी यावर एक रुपयाही खर्च करू नका. माल गळ्यात मारणाऱ्याने हे सांगितले असते का, याचा आपणच शांतपणे विचार करावा.

ट्रेमर ३ मी आपल्याला देऊ केला नाही, त्याचेही कारण सांगितले होते. त्या जाळीत वाऱ्यासाठी वेगळे ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपका किती वेगाच्या वाऱ्याचा, हे आपल्या गोळीचा वेग पाहून स्वतः ठरवावे लागते. ज्याने अजून साध्या जाळीवर हात बसवलेला नाही, त्याच्या डोळ्यांपुढे तेवढी गर्दी झाली तर लक्ष्यच हरवते.

जाळी कशासाठी असते, यावर आपले बरेच बोलणे झाले होते. साध्या फुलीच्या रेटिकलमध्ये गोळीचा उतार (लांब जाताना ती जेवढी खाली येते ते) धरण्यासाठी नेम वर घेतला की लक्ष्य फुलीच्या खालच्या उभ्या रेषेवर येते, आणि त्यातच आडवा वारा असला तर लक्ष्य त्या रेषेच्याही बाजूला, मोकळ्या जागेत अंदाजाने धरावे लागते. आपल्या .२२ च्या गोळीला १०० मीटरवर ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा सुमारे १० सेंटीमीटर ढकलतो, म्हणजे हा अंदाज थोडाथोडका नाही. जाळीदार रेटिकलमध्ये मध्याच्या खाली आडव्या खुणांच्या ओळी असतात, म्हणून उतार आणि वारा दोन्ही एकाच ठिपक्यावर धरता येतात. शिवाय पहिली गोळी कुठे लागली ते जाळीवर मोजून दुसरी तेवढीच सरकवता येते. माझ्या मते जाळीचा खरा फायदा हाच आहे. वेगवेगळ्या अंतरांवर घाईने नेम धरायचा असेल तर जाळी घ्यावी. एकाच अंतरावर कागदी लक्ष्यावर गट जमवायचा (गोळ्या एकमेकींजवळ लावायच्या) असेल तर बारीक फुली आणि मध्ये ठिपका बरा, कारण जाळीच्या रेषा नेमक्या जिथे पाहायचे तिथेच आड येतात. हे मी आपल्याला सांगितले, आणि आपण विचार करून जाळीच निवडलीत.

मग आपण गच्चीवर गेलो, कारण दुकानाच्या ट्यूबलाइटखाली कुठलाच स्कोप कळत नाही. तिवईवर नुसता स्कोप लावून येऊरच्या बाजूच्या एका इमारतीवरची पाण्याची टाकी आपण पाहिलीत. मिल म्हणजे मिलिरेडियन, हे कोनाचे माप आहे: १०० मीटरवर १० सेंटीमीटर आणि १००० मीटरवर १ मीटर. टाकी २ मीटर उंच धरली आणि ती जाळीत ४ मिल भरली, म्हणून २ ला १००० ने गुणून ४ ने भागले आणि अंतर ५०० मीटर आले. तो हिशेब आपणच मोबाईलवर केला होता आणि आपल्याला आनंद झाला होता, हे मला चांगले आठवते.

तिथे मी आपल्याला दोन स्कोप दाखवले, आणि सगळा घोळ इथेच झाला आहे. पहिला फर्स्ट फोकल प्लेनचा होता. त्यात झूम वाढवला की जाळीही लक्ष्याबरोबर मोठी होते, त्यामुळे १ मिलची खूण कोणत्याही झूमवर १ मिलच राहते. मात्र ४ पटीवर ती जाळी कोळ्याच्या धाग्यासारखी बारीक दिसते, आणि ‘हिच्यात तर काहीच वाचता येत नाही’ असे आपण म्हणालात. दुसरा सेकंड फोकल प्लेनचा होता. त्यात जाळी सगळ्या झूमवर सारखीच ठळक दिसते, पण तिच्या खुणा एकाच झूमवर खऱ्या असतात, आणि या स्कोपमध्ये तो झूम १६ पटीचा आहे. किमतीत साडेतेरा हजारांचा फरक होता. लांब अंतरासाठी जाळी घ्यायची तर पहिला घ्या, असे मी दोनदा म्हणालो. महागडा मीच सुचवत होतो हे खरे आहे, पण आपण घेतलात तो स्वस्तातला दुसरा, आणि म्हणूनच ‘महागडा माल’ हे शब्दही मला पटत नाहीत. आपली निवड चुकीची नव्हती. झूम १६ पटीवर ठेवणाऱ्या माणसासाठी तो उत्तम स्कोप आहे. बिलाच्या मागे मी माझ्या हाताने लिहिले आहे: ‘खुणा फक्त १६ पटीवर खऱ्या.’ ते बिल कृपया एकदा उलटून पाहावे.

आता गोळी वीतभर वर का गेली ते सांगतो. आपण अभिप्रायात स्वतःच लिहिले आहे की दुपारी रेंजवर उन्हाची झळ डोळ्यांपुढे हलत होती म्हणून झूम ८ पटीवर आणला होता. झूम अर्धा केला की या स्कोपमधली प्रत्येक खूण दुप्पट मोठी जागा व्यापते. १ मिलची खूण प्रत्यक्षात २ मिलची होते. ५० मीटरवर झिरो केलेली (म्हणजे तिथे मधल्या फुलीवरच गोळी लागेल अशी जुळवलेली) आपली रायफल १०० मीटरवर सुमारे २.२ मिल खाली मारते, आणि तेवढीच खूण आपण लक्ष्यावर धरलीत. म्हणजे नेम ४.४ मिल वर गेला, गरजेपेक्षा २.२ मिल जास्त, आणि १०० मीटरवर २.२ मिल म्हणजे २२ सेंटीमीटर. हीच आपली वीत. ५० मीटरवर गोळी बरोबर लागली, कारण तिथे नेम मधल्या फुलीने धरला जातो आणि फुलीचा मध्य झूम बदलल्याने हलत नाही. आपल्या तक्रारीतला आकडा आणि माझा हिशेब इतका जुळतो की जाळी चुकीची नाही याचा याहून चांगला पुरावा मला देता येणार नाही.

यावर उपाय आपल्या हातात आहे. १०० मीटरसाठी वरचा नॉब २२ क्लिक फिरवावा, प्रत्येक क्लिक ०.१ मिलची आहे आणि क्लिकला झूमशी देणेघेणे नसते. त्यानंतर मधल्या फुलीनेच नेम धरावा. जाळीने धरायचे असेल तर झूम १६ वर ठेवावा, आणि झळ फारच असेल तर ८ पटीवर ठेवून १.१ ची खूण धरावी. आणखी एक काळजी घ्यावी: मोबाईलवरच्या उताराच्या तक्त्यात एकक मिलच निवडलेले असावे. एमओए (मिनिट ऑफ अँगल) हे कोनाचे वेगळे माप, १ मिल म्हणजे सुमारे ३.४४ एमओए, आणि त्या चुकीने गोळी वीतभर नव्हे, हातभर हलते.

राहिली दहा मिनिटे. बिलावर छापलेली वेळ रात्री ८ वाजून २७ मिनिटे आहे आणि दुकान साडेआठला बंद होते. सव्वासहा ते ८.२७ म्हणजे जवळजवळ सव्वादोन तास होतात. त्यात मध्ये आपल्याला दोन फोन आले आणि आपण खाली रस्त्यावर जाऊन बोललात, ती वीस-पंचवीस मिनिटे मी गच्चीवर स्कोपापाशी थांबलो. खाली आलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला दुकानातल्या मुलाने ‘सोमवारी या’ म्हणून परत पाठवले आणि ते पुन्हा आले नाहीत. हे मी उपकार म्हणून सांगत नाही, वेळ देणे हा माझ्या धंद्याचाच भाग आहे. पण दिलेल्या वेळेची नोंद चुकीची राहू नये, एवढे मला वाटते.

आमच्या बाजूनेही सुधारणा करू. सेकंड फोकल प्लेनच्या स्कोपबरोबर मराठीत एक छोटे माहितीपत्रक देण्याचा विचार आहे, आणि मी नसताना फोनचीही काही व्यवस्था लवकरच लावतो.

आपण स्कोप घेऊन कोणत्याही दिवशी सकाळी यावे, रविवारी दुकान बंद असते. गच्चीवर १६ पटीवर आणि ८ पटीवर तीच टाकी पुन्हा मोजू. १६ पटीवर खुणा खरोखर चुकल्या तर त्याच दिवशी पूर्ण पैसे परत देईन. खुणा बरोबर निघाल्या आणि तरीही फर्स्ट फोकल प्लेनचा हवा असेल, तर हा घेऊन वरचा फरक तेवढा लावीन. तारे किती ठेवायचे ते आपण ठरवावे, मी त्याबद्दल काही म्हणणार नाही. ‘दहा मिनिटांत’ हे दोन शब्द मात्र बिलावरची वेळ पाहून काढून टाकावेत, ही विनंती आहे.

आपला,
दुकानचालक, नौपाडा, ठाणे