१ पायपुसणं, ११ गोधड्या

काल गणपती पोचवले. आज शेवटच्या चाकरमान्यांना कुडाळ स्टेशनवर गाडीत बसवून आलो. मोठी पातेली घासून पालथी घातली, माळ्यावरचं सामान माळ्यावर गेलं, आणि आता पाच दिवस गिळून ठेवलेलं सगळं वर यायला लागलंय. देव घरात असताना भांडायचं नाही असं आईने शिकवलंय, म्हणून गप्प होते. आता लिहिते. लांबणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी माटवीचा, म्हणजे गणपतीच्या वर टांगतो त्या रानफळापानांच्या चौकटीचा, फोटो बघून पुढे जावं.

तर झालं असं. आमचे हे बोटीवर बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, आहेत हे माहीत आहेच सगळ्यांना. २०१९ नंतर यंदा पहिल्यांदा चवथीला घरी. घरात आनंद होता, आणि माझ्याइतका कुणालाच नव्हता. माटवी त्यांनीच बांधली. पोरांना घेऊन रानात गेले, कवंडाळं, कांगणी, हरणं, शेरवडं, तेरडा असं ओझंभर घेऊन आले आणि रात्रभर अंग खाजवत बसले. मजा आली. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं उरकल्यावर पडवीत मांडी घालून बसले आणि बंदरावरून आणलेल्या जुन्या दोराचं पायपुसणं विणायला घेतलं. लंबगोल, वेढ्यात वेढा अडकवलेलं, दोर कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते शोधूनही सापडत नाही. बोटीवर डेकवरची माणसं मोकळ्या वेळात असलं शिकतात. दीड दिवसात झालं. सुंदर झालंय, त्यात खोटं काही बोलणार नाही.

पण त्यानंतर जो सोहळा झाला!

दीर म्हणाले, "दादान कसला भारी केल्यान बघा!" फोटो निघाले. कुटुंबाच्या ग्रुपवर गेले. ६३ अंगठे आले, मी मोजले. पुण्याच्या काकांनी लिहिलं, बोटीवरच्या खडतर आयुष्यात कला जपली, धन्य आहे. एका भाच्याने लिहिलं, मामा हे फ्रेम करा. पायपुसणं फ्रेम करा! सासूबाई तर डोळे पुसत होत्या, "माझ्या झिलाच्या हातात पयल्यापासूनच कला आसा." आणि त्यांनी फर्मान काढलं की यावर कुणी पाय ठेवायचा नाही. टीव्हीच्या शेजारी शोकेसमध्ये सावंतवाडीच्या चितारआळीतून आणलेली लाकडी फळं आहेत ना, त्यांच्या बाजूला उभं करून ठेवलं. पायपुसणं. शोकेसमध्ये.

त्याच रात्री अंथरुणं घालताना मी माझी मोठी गोधडी काढली. माजघरात पाच पोरं आडवी झोपतात तिच्यावर, एवढी मोठी आहे. मुंबईहून आलेल्या चुलत जावेने तिचं एक टोक दोन बोटांत धरलं. म्हणाली, "वहिनी, मुलांना एखादं ब्लँकेट नाही का गं? ही जुन्या कपड्यांची ना?" मग उलगडून बघून, "आणि एवढी मोठी कशाला केलीस? माप नव्हतं घेतलं का? ही एक बाजू तर अर्धवटच आहे."

मी हसले. कपाटातून वाघाचं चित्र असलेलं पॉलिस्टरचं ब्लँकेट काढून दिलं.

माप घेतलं होतं गं बाई. सात महिन्यांचं घेतलं होतं.

आता हे कळायला मागे जावं लागेल. लग्नाला १६ वर्षं झाली, आणि हे जितक्यांदा बोटीवर गेले तितक्या गोधड्या माझ्या हातून झाल्या. ११. हे गेले की चार दिवसांनी मी गोधडी घालते, यायच्या आधी संपवते. खाली सासूबाईंचं विटलेलं लुगडं, मध्ये धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साड्या, वर तुकडे. सारवलेल्या पडवीत अंथरायची, चार कोपऱ्यांवर चार नारळ ठेवायचे म्हणजे थर हलत नाहीत. आधी हातभर अंतरावर कच्चे टाके, मग कडेने सुरुवात करून वळत वळत आत धावदोरा. टाका तांदळाच्या दाण्याएवढा. मोठा टाका घातला तर पहिल्याच धुण्यात पायाचा अंगठा अडकतो आणि दोरा उसवतो. रोज रात्री दीड-दोन तास बसले तर मोठ्या गोधडीला अडीच-तीन महिने जातात. आणि प्रत्येकीच्या एका कोपऱ्यात ह्यांच्या जुन्या बॉयलर सूटचा, बोटीवर कामाला घालतात त्या अंगभर कपड्याचा, नारिंगी तुकडा. ते कापड इतकं जाड की साधी सुई मोडते, दाभण घ्यावं लागतं, अंगुस्तान घालूनही बोटाला भोक पडायचं ते पडतंच. त्यावरचा ग्रीसचा डाग सोड्याने जात नाही, उन्हाने जात नाही. आता मी काढायलाही जात नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये हे गेले. काँट्रॅक्ट सात महिन्यांचं. जुलैमध्ये परत. मार्चमध्ये सगळं बंद झालं तरी मला वाटलं, जुलैपर्यंत होईल सुरळीत. गोधडी जुलैमध्ये संपली. हे आले नाहीत. कुठलं बंदर खलाशांना उतरवून घेईना, दुसरी माणसं चढायला मिळेनात. नियमाने ११ महिन्यांच्या वर कुणाला बोटीवर ठेवायचं नाही, पण त्या वर्षी नियम कुणाला विचारणार होतात? जगभरात ४ लाखांच्या आसपास खलाशी असे अडकले होते हे नंतर बातम्यांत वाचलं. तेव्हा आम्हाला एकच माहीत होता.

तर जुलै संपला आणि माझ्या हाताला काही नव्हतं. तुम्हाला सांगते, ते भयंकर होतं. नवी गोधडी घातली तर याचा अर्थ हे नवीन काँट्रॅक्टइतके लांब गेले, असलं काहीतरी डोक्यात बसलं. म्हणून झालेल्या गोधडीलाच कडेने वीतभर पट्टी जोडली. एक महिना गेला. हे आले नाहीत. आणखी एक पट्टी. बोट किनाऱ्याजवळ असली की फोन लागायचा, नाहीतर आठ आठ दिवस नाही. ऑक्टोबरनंतर मी कधी येणार हे विचारणं सोडलं आणि त्यांनी सांगणं सोडलं. सासूबाई म्हणायच्या, "पुरे कर गो, आता काय घराक घालतलंस ती?" सातवी पट्टी अर्ध्यावर होती आणि फेब्रुवारीत हे दारात उभे. १४ महिन्यांनी. दाढी पांढरी झालेली.

ती अर्धी पट्टी तशीच आहे. ती जी बाजू अर्धवट दिसली ना, ती.

आणि हिला ब्लँकेट हवंय.

मी चिडले आहे हे कळतंय का? कळायला हवंय. मला राग एका जावेचा नाही, तिला बिचारीला काय माहीत. राग याचा आहे की घरातल्या १६ वर्षं बघणाऱ्या माणसांनाही ते कधी दिसलं नाही. पुरुष सुट्टीवर आला, हातात दोर घेतला, तर लगेच कला. बाईने वर्षानुवर्षं सुई धरली तर "वेळ जात नसेल हो तिचा, नवरा बाहेर ना". वेळ जात नसेल! एप्रिलमध्ये काजूच्या बिया कोण गोळा करतं? पावसाआधी कौलं शाकारायला माणसं कोण शोधतं आणि ती येत नाहीत म्हणून त्यांच्या दारात कोण जाऊन बसतं? सासूबाईंची साखर, मुलीची दहावी, बँकेचं केवायसी, ज्यासाठी खातेदार स्वतः पाहिजे आणि खातेदार ब्राझीलला? रात्री साडेनऊला जेव्हा पहिल्यांदा पाठ टेकायची, तेव्हा मी ती टेकवत नाही आणि सुई घेते. हा मोकळा वेळ नाही. झोपेतून कापून घेतलेला आहे, जसा साडीतून तुकडा.

या पाच दिवसांत आम्ही चौघींनी मिळून ३०० च्या वर नेवऱ्या, म्हणजे करंज्या, केल्या, प्रत्येकीची कड हाताने मुरडलेली. एकीचा फोटो निघाला नाही. पुरुषांच्या भजनाला माइक होता, आमच्या फुगड्यांच्या वेळी "आता जरा आवरतं घ्या, आरती आहे". असो. हे वेगळंच सुरू झालं.

आता कुणीतरी खाली लिहिणार की वहिनी, विका ना, इन्स्टाग्रामवर टाका, हल्ली गोधडीला काय भाव आहे! हेही मला दर वर्षी ऐकवतात, अगदी प्रेमाने. म्हणजे किंमत लागली की मग ती कला, तोवर जुने कपडे. बरं, मान्य आहे, बचत गटातल्या बायका विकतात आणि चांगलं कमावतात, माझीच एक मैत्रीण त्यावर मुलाची फी भरते, तिच्यासमोर मी मान खाली घालते. पण माझी ती मोठी कुणाला विकू? सहावी पट्टी कितीला लावू? तेव्हा जानेवारी होता आणि सलग ११ दिवस फोन लागला नव्हता. त्या ११ दिवसांचे टाके बघा हवं तर, एक सरळ नाही.

ह्यांचाही राग आलाय. लिहून टाकते, वाचतीलच. सगळे कौतुक करत होते तेव्हा हे गालात हसत म्हणाले, "काय नाय रे, टाइमपास." तर सगळे म्हणे, बघा किती साधा माणूस. ह्यांनी टाइमपास म्हटलं की तो विनय. मी इतकी वर्षं टाइमपास म्हणत आले, ते सगळ्यांनी खरंच मानलं. चूक माझीही आहे, आता कळतंय. पण एवढ्या माणसांत एकदा तरी म्हणायचं होतं, की हिच्याही हाताकडे बघा. नाही म्हणाले. मोदक मात्र तीनदा मागून घेतला.

हो, सहा-सात महिने पाण्यावर काढून आलेल्या माणसाचं कौतुक व्हायलाच हवं. झालं, लिहिलं.

आणि खरं सांगायचं तर ह्यांना दिसतं. तेच तर वाईट वाटतं. २०२१ मध्ये आले त्या रात्री जेवण झाल्यावर ती गोधडी त्यांनी उलगडली, अकरा फुटांच्या वर भरली होती. काही बोलले नाहीत. कडेच्या पट्ट्यांवरून बोट फिरवत गेले, मनातल्या मनात मोजत, आणि विचारलं, "सातवी अर्धीच?" मी म्हटलं, "तुम्ही आलात ना." मग बराच वेळ गोधडीवरच बसून राहिले. मला वाटलं झोप लागली.

त्याच वर्षी १६ मे ला तौक्ते वादळ आलं. वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात काय झालं ते तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. माडांचे शेंडे जमिनीला लागत होते, पडवीची कौलं पत्त्यांसारखी उडत होती, वीज गेली ती पुढे कित्येक दिवस आलीच नाही. माजघरात आम्ही चौघंही त्या एका गोधडीत. सासूबाई, ज्या म्हणाल्या होत्या घराक घालतलंस काय, त्या मधोमध. हे दारापाशी बसून वारा कुठल्या दिशेने फिरतोय ते सांगत होते, जसं काही आम्ही सगळे डेकवर आहोत. मुलगी तेव्हा ११ वर्षांची. नारिंगी तुकड्यावर डोकं ठेवून ती त्या आवाजात झोपली. मी तेव्हा पहिल्यांदा मनात म्हटलं, बरं झालं मोठी झाली ती.

हे लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. पूर्ण नाही. उद्या जावेला फोन करून ही गोष्ट सांगावी का असं वाटतंय, मग वाटतं नको, तिला अवघडल्यासारखं होईल, आणि पुढच्या वर्षी मुद्दाम कौतुक करत बसेल. ते तर त्याहून नको. ऑक्टोबरमध्ये ह्यांचं जॉइनिंग आहे. बाराव्या गोधडीसाठी कपडे काढून ठेवलेत, या वेळी मुलीचा शाळेचा गणवेश पण घालणार आहे, तिला तो आता कुठेच होत नाही.

पोस्ट टाकायच्या आधी ह्यांनी मागे उभं राहून सगळं वाचलं. चष्मा घालून, सावकाश. शेवटी म्हणाले, "दोर बंदरावरचो नाय. आमच्या बोटीवरची बाद झालेली हेविंग लाइन ती. बरोबर कर." हेविंग लाइन म्हणजे बोटीवरून धक्क्यावर फेकतात तो बारीक दोर. बाकी अवाक्षर नाही.

मी बरोबर केलेलं नाही. बंदरावरचाच राहू दे.

मग उठून गेले आणि शोकेस उघडल्याचा आवाज आला. सासूबाई काहीतरी ओरडल्या. आता बघितलं तर पायपुसणं मागच्या दारी, विहिरीवरून मी ओल्या पायांनी येते तिथे अंथरलंय. चांगलं जड आहे, सरकत नाही. अजून मी त्यावर पाय ठेवलेला नाही.