शेवंड फुकटात पाडून घ्यायची असेल तर

मालवणात आलातच. स्कुबा झालं, किल्ला झाला, राहिली फक्त शेवंड, म्हणजे लॉबस्टर. घाबरू नका. गेल्या रविवारी दांडीच्या किनाऱ्यावर एका सुशिक्षित कुटुंबाने हे शास्त्र मला उभ्या उभ्या शिकवलं, तेच तुमच्या पदरात टाकतो.

गाडी थेट वाळूत, होडीला लागेपर्यंत आणा. होडी वर ओढणारे घालतील वळसा.

शेवंड उचलायची ती मिशी धरूनच. मिशी तुटली की व्यापारी दर पाडतो, पण तो काय तुमचा काका आहे? उचललीत की मोठ्याने विचारा, "हिला नांग्या कुठायत?" जाहिरातीतल्या लालभडक शेवंडीला असतात, म्हणजे ही नक्की डुप्लिकेट. ती अटलांटिकमधली वेगळी जात, आपल्या खडकातल्या शेवंडीला मोठ्या नांग्या नसतातच, असं कोणी सांगू लागलं तर मान डोलवा आणि ऐकू नका. मिशांच्या बुडाशी ती करकर आवाज करू लागली की मुलांना मजा येते. आणखी दाबा.

लहान असेल तीच घ्या, कोवळी लागते. जातीप्रमाणे 200, 300, 500 ग्रॅमच्या आतली शेवंड परदेशी पाठवायला 2003 पासून मनाई आहे. तुम्ही कुठे परदेशी? पोटाखाली केशरी गाबोळी असेल तर उत्तमच. अंडी लाखांच्या घरात असतात, त्यांतली चार-दोन वाचली असती तरी पुरे झालं असतं. मुंबईच्या समुद्रातली चपटी शेवंड 1994 पर्यंत अशीच संपवली, कोणाचं जेवण अडलं?

पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीत आलात तर "आजचीच आहे ना?" हे विचारायला विसरू नका.

आता भाव. शेवंड विकणारा होडीवाला काका दीड हजार म्हणाला की तुम्ही पाचशे म्हणा. तो गप्प बसला तर चारशे. मग म्हणा (रविवारचं वाक्य जसंच्या तसं देतो), "समुद्रातून फुकटच तर आणता!" काकाने आदल्या संध्याकाळी खडकाच्या कडेने जाळी टाकली, पहाटे साडेतीनला उठून काढायला गेला. जाळ्याचे आठ तुकडे टाकले होते, सहाच हाती लागले, उरलेले दोन ट्रॉलरने ओढून नेले. सहांतल्या एकाला दाराएवढं भगदाड. ते शिवायला काकी तीन दुपार बसेल, डोळ्यांना चष्मा, पायाच्या अंगठ्यात ताणलेला दोरा. आणि सहा तुकड्यांत मिळून शेवंडी किती? दोन. जाळ्यात गुरफटलेली शेवंड ओढून निघत नाही. एकेक पाय, एकेक काटा सोडवावा लागतो, बोटं सोलवटतात, आणि ती जिवंत राहायला हवी, कारण मेली की दर अर्धा. इंजिनाच्या तेलाचा हिशेब तर मी मांडतच नाही. फुकट!

हां, उपदेश चालू होता.

रात्री एलईडी दिवे पेटवून मासेमारी करणाऱ्यांचा विषय काकाने काढला की मोबाईल बघा. केंद्राने 2017 सालीच बंदी घातली आहे, म्हणजे प्रश्न मिटला. रात्री क्षितिजावर लखलखतं ते एखादं शहर असावं.

शेवटी फोटो. आधी वडील, मग आई, मग मुलगा, मग शेवंडीला गॉगल लावून मुलगी. काका मधे म्हणाला, "घेवची नाय तर पाण्यात ठेवा तिका, मरात." तिकडे लक्ष देऊ नका. पंधरा मिनिटं झाली की शेवंड कोरड्या वाळूत टाका, हात सॅनिटायझरने पुसा, आणि "राहू दे, आपण हॉटेलात थाळी खाऊ" म्हणत गाडीत बसा. त्यांनी अगदी असंच केलं. व्यापारी आला तेव्हा ती हलत नव्हती. त्याने अर्धेच पैसे टेकवले.

जाऊ दे, हे उपरोधाचं सोंग मला जमत नाही. लाज वाटत नाही का हो? परवडत नसेल तर तसं सांगा, त्यात कमीपणा नाही. आमच्याही घरी शेवंड शिजत नाही, ती विकायला असते. बांगडे घ्या, बाजूची मावशी निवडून देईल. पण घ्यायची नसेल तर हात लावू नका. आणि समुद्र फुकट वाटतो ना? पहाटे साडेतीनला या. होडीत जागा आहे. ओकाऱ्या काढत दोन तुकडे ओढून दाखवा, मग चारशे म्हणा.