मावशी, गोळी बंद करू नकोस

फोंड्याच्या मावशीने फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड टाकला, खाली हात जोडलेले. मजकूर असा: ताण म्हणजे वाढलेलं कॉर्टिसोल. ते 'शून्यावर' आणायला भात-मासळी सोडा, दोन वेळा अश्वगंधा घ्या, व्हिटॅमिन डीचं पाकीट रोज घ्या. 21 दिवसांत मन ताळ्यावर, डिप्रेशनच्या गोळ्या कचऱ्यात. मावशी डिप्रेशनची गोळी घेते, थायरॉईडचीही. म्हणून गप्प बसवेना.

कॉर्टिसोल हे शरीरातलं ताणाच्या वेळी वाढणारं हार्मोन. ते खरंच शून्यावर आलं तर माणूस शांत होत नाही, जिवावर बेततं. ॲडिसनच्या आजारात, म्हणजे ते बनवणाऱ्या ग्रंथी बिघडल्या की, ते कमी पडतं म्हणून औषधातून द्यावं लागतं. एरवी ते पहाटे चढतं, रात्री उतरतं, तसंच उतरायला हवं.

सगळ्यात घातक ती गोळ्यांची ओळ. या गोळ्या एकदम थांबवल्या तर चक्कर येते, झोप उडते, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके बसतात, आणि मूळ आजार उलटू शकतो. मग हेच महाभाग सांगणार, 'विष बाहेर पडतंय, सोसा.' बंद करायच्याच असतील तर डॉक्टर डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात.

अश्वगंधेने काही आठवडे ताण थोडा हलका झाल्याचं छोट्या चाचण्यांत दिसलंय, नाकारत नाही. पण तीच थायरॉईड हार्मोन वाढवू शकते, म्हणजे मावशीच्या गोळीवर वरताण. यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. डेन्मार्कने 2023 मध्ये तिच्यावर बंदी घातली. आपला वैद्यसुद्धा प्रकृती बघितल्याशिवाय चूर्ण हातात ठेवत नाही.

आहाराचा मनाशी संबंध आहे, हेही कबूल. ऑस्ट्रेलियातली 'स्माइल्स' चाचणी, 2017. नैराश्याचे 67 रुग्ण. आहार सुधारलेल्या गटात सुमारे 32 टक्के लोकांची लक्षणं जवळजवळ गेली, नुसती सोबत मिळालेल्यांत 8 टक्के. फॉरवर्डवाले हे आकडे नाचवतील, पण बहुतेकांचे आधीचे उपचार चालूच होते हे गाळतील. आणि त्या आहारात काय होतं? भाज्या, कडधान्यं, अख्खं धान्य आणि चक्क मासळी! गोंयकाराला बांगडा-तारले सोडायला सांगणारा हा कोण दीडशहाणा?

व्हिटॅमिन डीचं 60,000 युनिटचं पाकीट सहसा आठवड्याला एक देतात. रोज घेत राहिलं तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर बेतू शकतं. 21 दिवसांचा आकडा कुठून आला, देव जाणे.

गोळी नकोशी झाली असेल तर मावशीने आधी आपल्या डॉक्टरांना फोन करावा. नाहीतर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 फुकट आहे, गोव्यातच बांबोळीची मानसोपचार संस्थाही आहे.