धडधाकट जनावरालाही विषाणू का गाठतो?

पशुपालकांमध्ये एक मजकूर सारखा फिरत असतो. त्याचा गाभा असा: विषाणू फक्त अशक्त जनावराला धरतो, चांगला खुराक आणि प्रतिकारशक्ती वाढवणारी औषधं दिली की शरीर स्वतःच विषाणूचा निकाल लावतं, विषाणू शरीराला चकवतच असेल तर लसही निरुपयोगी, आणि एकदा बरं झालेल्या जनावराची काळजी नको. हे ऐकायला पटतं, कारण जनावराची नीट निगा राखा हा रास्त सल्ला त्यात मिसळलेला आहे. पण त्यावर विसंबून कोणी लस टाळली तर भोगावं लागतं मुक्या जनावराला. म्हणून एकेक विधान तपासू.

‘विषाणू फक्त अशक्त जनावराला धरतो’

आधी शरीर काय करतं ते पाहू. विषाणू पेशीत शिरला की त्याचा आरएनए (जनुकीय माहिती वाहणारा रेणू) ओळखणारी प्रथिनं पेशीत तयारच असतात. ती जागी झाली की पेशी इंटरफेरॉन नावाचं धोक्याचा इशारा देणारं प्रथिन बनवते आणि बाहेर सोडते. शेजारच्या पेशींना हा इशारा मिळाला की त्या शेकडो जनुकं चालू करतात आणि विषाणूला वाढणं अवघड होऊन बसतं. इंटरफेरॉनचा शोध आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी १९५७ मध्ये लावला. या जन्मजात संरक्षणाला विषाणूची आधीची ओळख लागत नाही आणि ते काही तासांत उभं राहतं. अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक विषाणूला पकडणारी प्रथिनं, तयार व्हायला मात्र काही दिवस जातात. मधला सगळा काळ याच संरक्षणावर निभावून न्यायचा असतो.

लाळ्या-खुरकुताचा विषाणू नेमका इथेच घाव घालतो. पेशीत गेल्यावर त्याचं जे प्रथिन सगळ्यात आधी तयार होतं, ते ‘एल’ नावाचं कात्रीसारखं काम करणारं विकर (एन्झाइम) असतं. पेशीला प्रथिनं बनवण्यासाठी ईआयएफ४जी नावाचा एक दुवा लागतो. पेशीच्या स्वतःच्या संदेश-आरएनएच्या टोकाला एक रासायनिक टोपी असते, आणि त्या टोपीपाशी प्रथिनं बनवणारी यंत्रणा आणून जोडायचं काम हा दुवा करतो. ‘एल’ तो दुवाच कापतं. विषाणूच्या आरएनएला मात्र टोपीची गरज नसते. यंत्रणा त्याच्या मधल्याच एका भागावर येऊन बसते. त्यामुळे विषाणूची प्रथिनं बनत राहतात आणि पेशीची थांबतात. इंटरफेरॉनचं जनुक चालू होतं, संदेशही लिहिला जातो, पण त्यातून इंटरफेरॉन म्हणावं तितकं तयारच होत नाही. इंटरफेरॉनचं जनुक चालू करणाऱ्या साखळीवरही ‘एल’ घाला घालतं, म्हणजे अडथळा दोन ठिकाणी.

हे जनावर अशक्त असल्यामुळे होत नाही, हे कशावरून? संशोधकांनी विषाणूतून ‘एल’चं जनुक काढून टाकलं आणि असा विषाणू गुरांना दिला. गुरांना रोग झाला नाही. गुरांच्या अंगात कोणतीही जादा ताकद घातलेली नव्हती, विषाणूच्या हातातलं एक हत्यार तेवढं गेलं होतं. उलट बाजूचा प्रयोग डुकरांवर झाला. इंटरफेरॉनचं जनुक वाहून नेणारा निरुपद्रवी केलेला दुसरा विषाणू त्यांना आदल्या दिवशी टोचला आणि मग लाळ्या-खुरकुताचा विषाणू दिला. डुकरं आजारी पडली नाहीत. म्हणजे इंटरफेरॉनपुढे हा विषाणू टिकत नाही. तो फक्त ते वेळेवर तयार होऊ देत नाही. माझ्या मते या सगळ्या वादातला कळीचा मुद्दा हाच आहे. धोक्याच्या भोंग्याची तारच कापली, तर आत पहारेकरी किती तगडे आहेत याला काय अर्थ?

कोंबडीचं उदाहरणही याच जातीचं. फ्लूच्या विषाणूचा आरएनए ओळखणारं रिग-आय हे प्रथिन बदकात असतं, कोंबडीत नसतं. बदकांच्या तुलनेत कोंबड्या बर्ड फ्लूला इतक्या पटकन बळी पडतात, त्यामागे हे एक कारण मानलं जातं. ते जनुकच नसेल तर कितीही कसदार खाद्य देऊन ते येणार नाही.

‘प्रतिकारशक्ती वाढवली की शरीर विषाणूचा निकाल लावतं’

यात खरं काय तेही सांगायला हवं. जस्त, सेलेनियम किंवा प्रथिनं कमी पडली तर जनावराची रोगाशी लढायची ताकद घटते. नवजात वासराला चीक वेळेवर मिळाला नाही तर त्याचं संरक्षण लंगडं राहतं. जी उणीव आहे ती भरून काढलीच पाहिजे. पण उणीव भरून काढणं वेगळं आणि निरोगी जनावराची शक्ती औषधाने दामदुप्पट करणं वेगळं. फिरणारा मजकूर या दोन्ही गोष्टी एकच समजतो.

शिवाय ‘जास्त’ म्हणजे ‘चांगलं’ असंही नाही. डुकरांच्या आफ्रिकन स्वाइन फीवर या रोगाचा विषाणू मॅक्रोफेजमध्ये, म्हणजे पहिल्या फळीच्या पेशींमध्येच वाढतो. दीडशेहून अधिक जनुकांच्या या विषाणूत एमजीएफ ३६० आणि ५०५ हे जनुकांचे गट इंटरफेरॉन दाबतात; त्यातली काही काढली की विषाणू दुबळा पडतो. पण एकीकडे इंटरफेरॉन दाबलेला असताना दुसरीकडे दाह वाढवणाऱ्या रसायनांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या बिघडतात, आणि तीव्र प्रकारात जवळपास सगळी डुकरं दगावतात. वॉर्टहॉग या आफ्रिकेतल्या रानडुकराला हाच विषाणू बाधतो पण त्याला आजारी पाडत नाही. शरीराने किती जोराने उत्तर दिलं यापेक्षा कुठे, कधी आणि कोणत्या मार्गाने दिलं हे इथे महत्त्वाचं.

देवीवर्गीय विषाणूंची तऱ्हा आणखी वेगळी. ओर्फ या तोंडावर फोड आणणाऱ्या रोगाचा विषाणू शेळ्या-मेंढ्यांमध्ये आयएल-१० या दाह शांत करणाऱ्या संदेशवाहक प्रथिनाची स्वतःची नक्कल बनवतो. लम्पीच्या विषाणूच्या जनुकांमध्येही शरीराच्या संदेशांची आणि ते टिपणाऱ्या ग्राहकांची नक्कल करणारी जनुकं सापडली आहेत.

‘विषाणू शरीराला चकवतो, मग लस काय करणार?’

हा प्रश्न रास्त आहे, निष्कर्ष चुकीचा. वर सांगितलेले डावपेच बहुतेक पेशीच्या आत चालतात. लसीमुळे तयार झालेली अँटिबॉडी विषाणूला पेशीत शिरण्यापूर्वीच धरते. डाव टाकायला त्याला जागाच मिळत नाही. गुरांच्या बुळकांडी रोगाचा विषाणूही इंटरफेरॉनचा संदेश पेशीत पोचू देत नसे, तरीही लसीच्या जोरावर तो रोग जगातून नाहीसा झाला. २०११ मध्ये तशी अधिकृत घोषणा झाली. देवीनंतर समूळ नष्ट झालेला हा दुसराच रोग.

‘लस देऊनही लाळ्या-खुरकूत आला’ ही तक्रार खोटी नसते. या विषाणूचे सात प्रकार आहेत आणि एकाविरुद्धची लस दुसऱ्याला अडवत नाही. लसीचं संरक्षण काही महिनेच पुरतं. शीतसाखळी तुटली तर लस निकामी होते. आणि रोग आसपास पोचल्यावर टोचली तर अँटिबॉडी तयार व्हायला वेळ मिळत नाही. या अडचणींवर उपाय आहे: योग्य प्रकार, योग्य वेळ, ठरल्या अंतराने पुढचा डोस. आफ्रिकन स्वाइन फीवरबाबत मात्र मी लसीची वकिली तितक्या ठामपणे करणार नाही. तिथे नुसत्या अँटिबॉडीने भागत नाही. व्हिएतनामने २०२२ मध्ये जनुक काढून दुबळ्या केलेल्या जिवंत विषाणूच्या लसीला परवानगी दिली, पण अशा लसीच्या सुरक्षिततेवर बारीक नजर ठेवावीच लागते.

‘बरं झालेल्या जनावराची काळजी नको’

लाळ्या-खुरकुतातून उठलेल्या काही गुरांच्या घशात विषाणू महिनोन्‌महिने, कधी वर्षाहून अधिक काळ राहतो. त्यांच्याकडून दुसऱ्यांना लागण होणं दुर्मिळ आहे.

बोवाइन व्हायरल डायरिया या गुरांच्या विषाणूजन्य रोगाची गोष्ट जास्त गंभीर. त्याच्या विषाणूचं एक प्रथिन पेशीतलं आयआरएफ३, म्हणजे इंटरफेरॉनचं जनुक चालू करणारं प्रथिन, नष्ट करायला लावतं, त्यामुळे इंटरफेरॉनचा हुकूमच सुटत नाही. गाय गाभण असताना, साधारण पहिल्या चार महिन्यांत, हा विषाणू गर्भात पोचला तर गर्भाचं शरीर त्याला आपलाच भाग समजतं. गाय स्वतः किरकोळ आजारी पडून बरी होते. वासरू मात्र जन्मभर विषाणू बाळगतं आणि नाकातून, लाळेतून, शेणातून तो सोडत राहतं. काही वासरं खुरटी राहतात, तर काही दिसायला अगदी ठणठणीत असतात. अशा वासराच्या रक्तात या विषाणूविरुद्धच्या अँटिबॉडी शोधल्या तर सहसा मिळत नाहीत, कारण त्याच्या शरीराने त्याला कधी शत्रू मानलेलंच नसतं. म्हणून कानाचा छोटा तुकडा घेऊन थेट विषाणूच शोधावा लागतो. आईच्या चिकातून आलेल्या अँटिबॉडीमुळे लहान वासरात रक्ताची चाचणी फसू शकते. कानाच्या तुकड्याची चाचणी त्याला फारशी बळी पडत नाही. अशी कालवड मोठी होऊन व्यायली तर तिचं वासरूही जन्मतः विषाणू घेऊनच येतं. तिला खुराक वाढवून किंवा औषध देऊन बरं करता येत नाही. ती ओळखून कळपातून वेगळी काढावी लागते, आणि कळपात नवीन जनावर आणण्याआधी, विशेषतः गाभण गाय विकत घेताना, तिची आणि पुढे तिच्या वासराची, अशा दोन्ही चाचण्या कराव्या लागतात.